सहावी बाजू

बाजू पलटणं, एवढंच माझं काम.
आठ वर्षांचा होतो. त्रिएस्तेत, सान जाकोमोच्या चढावर,
आमच्या वरच्या मजल्यावर राहायचे एर्मेते श्केर्क,
एकेकाळचे व्हायोलावादक, आता दोन्ही डोळ्यांनी आंधळे.
सुई टेकवताना त्यांचा हात थरथरे,
माझा थरथरत नसे, म्हणून मला बोलावणं.
मजुरी: मूठभर भाजलेले चेस्टनट.
सालं माझी मीच काढायची.

सात तबकड्या. चौदा बाजू. एक सिंफनी.
दर चार मिनिटांनी संगीत कड्यावर येऊन थांबायचं,
सुई मधल्या कागदापाशी खरखरत घुटमळायची
आणि मी, जीव मुठीत धरून,
तव्यावरची भाकरी उलटावी तशी ती जड काळी चकती उलटायचो.

"ऐक हं," श्केर्क म्हणायचे, "आता गेर्बाझ काहीच करणार नाही.
छडी खाली. ऐंशी माणसं श्वास रोखून.
दुसरे कंडक्टर इथे हात हलवून घामाघूम होतात,
हा नुसता वाट बघतो.
दूध वर येताना आई उभी असते ना चुलीपाशी, तसा."
मग चेलो यायचे, जमिनीखालून आल्यासारखे,
आणि मला खरंच दूध दिसायचं.

तिसऱ्या बाजूवर बोरा ऐकू येतो,
आमचा वारा, धडधाकट माणसांना रस्त्यात आडवं पाडणारा.
हॉलच्या तावदानांवर धडका.
लंडनहून आलेला तंत्रज्ञ म्हणाला, पुन्हा घेऊ.
गेर्बाझ म्हणाले, राहू दे, तोही सुरात आहे.
(हे श्केर्क दर वेळी सांगत.
तंत्रज्ञ कधी लंडनचा असे, कधी मिलानचा.)

पाच बाजू गुरुवारी झाल्या. अडतीसचा नोव्हेंबर.
सहावी शुक्रवारी सकाळी.
मधल्या रात्री फर्मान शहरात पोचलं होतं.
पाचव्या बाजूवर ओबो आहे एलिओ विवान्तेचा,
किंचित नाकातला, टोकाशी हळवा,
कुणी दारातून निघता निघता वळून हाक मारावी तसा.
सहाव्या बाजूवर ओबो दुसऱ्याचा. स्वच्छ. बिनचूक.
श्केर्क माझं मनगट घट्ट धरत: "ऐकलंस? गेला."
मला काहीच कळायचं नाही. मी मान डोलवायचो,
मग आठवायचं की यांना दिसत नाही,
आणि मोठ्यानं म्हणायचो, हो.

"गेर्बाझ काय म्हणाले तेव्हा?"
"विवान्तेच्या खुर्चीकडे बघितलं. घड्याळ बघितलं.
छडी उचलली."
"आणि तुम्ही?"
"मी गजाला राळ लावत होतो," ते म्हणाले.
"खूप वेळ लावली."

कान उघडला पुढे, चाळिशी उलटल्यावर,
भाड्याच्या खोलीत, तापात पडलेलो असताना.
गेला. खरंच गेला होता.
आणि दुसरंही ऐकू आलं:
ओबोच्या त्या जागेवर गेर्बाझ थबकतात,
स्वरलिपीत नाही इतकं थबकतात.
लाज असेल. किंवा नव्या वादकाला सांभाळून घेणं, नुसतं कसब.
तबकडी सांगत नाही.
त्याहून सुंदर चार मिनिटं मी आयुष्यात ऐकलेली नाहीत,
आणि हे मला अजून माफ करता येत नाही,
त्यांना की मला, तेही ठरत नाही.

यंदा नवी आवृत्ती आली.
खरखर धुऊन काढलेली, बोरा पुसलेला,
चौदा बाजू अशा शिवल्यात की टाका दिसू नये.
पुस्तिकेत अभिमानानं छापलंय: अखंड.
सुनेनं हेडफोन कानावर चढवून दिला.
पाचवी संपते तिथे, म्हणजे आता जिथे काहीच संपत नाही,
मी खुर्चीतून उठलो,
दोन तळव्यांमध्ये तबकडीएवढं अंतर धरून,
आणि तसाच उभा राहिलो.

सून विचारत होती, बाबा, काही हवंय का?
तिचे ओठ दिसत होते.
मागे तो बिनचूक ओबो सुरू झाला होता.